राज्यशास्त्र फ्रेंचमधून शिकायचंय? जरूर शिका

संपादक साहेब, नमस्कार,

परदेशी शिक्षणाच्या पुरवणीत सगळं इंजिनिअरिंग नि एमबीएच असतं, फ्रान्समध्ये पहिल्या वर्षाला फ्रेंचमधून राज्यशास्त्र शिकता येतं यावर पण लिहा ना. तिथली १९५८ ची राज्यघटना मूळ भाषेत वाचताना खरी मजा येते. कलम ४९ चंच बघा, पंतप्रधान बजेटचं बिल मतदान न घेताच पास करून घेऊ शकतात, पण २४ तासांत अविश्वास ठराव आला आणि तो मंजूर झाला तर बिलही जातं नि सरकारही, डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान मिशेल बार्निए यांचं सरकार असंच पडलं आणि राष्ट्राध्यक्ष मात्र जागेवरच, कारण १९६२ च्या सार्वमतानंतर त्यांना जनताच थेट निवडते, संसदेच्या विश्वासावर त्यांचं पद नाही. निबंध मात्र दोनच भागांत, प्रत्येकाचे दोन उपभाग, अशा साच्यात लिहावा लागतो, ते जड जातं. त्याची तयारी कशी करायची तेही छापा प्लीज.

– एक विद्यार्थिनी