मा. आरोग्यमंत्री, माझा खुबा तुमच्या कागदावर बरा झालाय

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

सादर नमस्कार. काल दुपारी मोबाइलवर संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.' तेव्हा मी कुबड्या टेकत रामबागेतल्या घराचा जिना चढत होतो. समाधान नेमकं कुणाचं झालं, तेवढं कळवावं.

इंदूरजवळच्या भेरूघाटात आमची गाडी ट्रकवर आदळली. गुडघा डॅशबोर्डवर आपटला आणि मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीतून मागे सरकला. पाय आखूड, आत वळलेला. असा सांधा शक्यतो सहा तासांत बसवायचा असतो, नाहीतर रक्त न मिळून गोळा मरायची भीती वाढते. मला हे नंतर कळलं. डॉक्टरांना आधीच ठाऊक असावं!

इंदूरच्या एका अस्पतालात रात्री भूल देणारं कुणी नव्हतं. एकाने कंबर दाबली, दोघांनी पाय ओढला. चार वेळा, कदाचित पाच. मोजायची शुद्ध नव्हती. मग म्हणाले, "बसत नाहीये, सकाळी सर येतील." बसेल कसा? वाटीच्या काठाचा तुकडा मोडून आतच अडकला होता. सीटी स्कॅनमध्ये तो दिसला असता, पण त्या खोलीला कुलूप. चिरून सांधा बसवेपर्यंत चौदा तास गेले.

आता एमआरआय म्हणतो, गोळा मरतोय. वय 36. मागची मोठी नसही दुखावली, त्यामुळे पाऊल लोंबतं. मोजे बायको चढवते. मांडी घालता येत नाही, गणपतीच्या आरतीला मी खुर्चीत. नोकरी गेली, हप्ते मात्र ठणठणीत आहेत.

साहेब, हे शहर 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. कचऱ्याची गाडी रोज सकाळी दारात हजर. तेच वेळापत्रक भूलतज्ज्ञांना लावा ना! रांगेतली माणसं सांगतात, दहातल्या आठ जागा रिकाम्या आहेत. आकडा चुकीचा असेल तर खरा तुम्ही छापा. फिती कापायला माणसं पुरतात, रात्रपाळीलाच कशी कमी पडतात?

रात्री भूल आणि सीटी चालू ठेवा. दोन प्रयत्नांत सांधा बसला नाही तर ओढाताण थांबवून, वेळ लिहून, रुग्णाला लगेच पुढे पाठवा. एवढंच मागणं आहे.

आपला,
एक निराकरण झालेला नागरिक, इंदूर

ता.क. तक्रार पुन्हा उघडायची तर स्वतः हजर राहा म्हणतात. कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टवर पाटी आहे: 'बंद'.