परवडणाऱ्या घराचा हिशोब पूर्ण छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शनिवारच्या घरांच्या पुरवणीत आपण पुण्यातल्या ‘खिशाला परवडणाऱ्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या’ भागांची यादी दिलीत. त्यात आमच्या धायरीला मानाचं पान मिळालं. दुपारीच बार्शीहून भाच्याचा फोन आला. ‘मामा, तुमचा एरिया तर एकदम अपकमिंग निघाला की! माझ्यासाठी पण एखादा बघून ठेवा.’ २०१२ साली मी इथे फ्लॅट घेतला, तेव्हाही हा भाग अपकमिंगच होता. चौदा वर्षं झाली, तो अजून येतोच आहे.

रागावून लिहीत नाही. मी अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात हिशोब लिहितो आणि सोसायटीचा खजिनदारही आहे. दिवसभर आकड्यांत बसणाऱ्या माणसाला अर्धा हिशोब दिसला की चैन पडत नाही. आपल्या पुरवणीतला हिशोब अर्धा आहे, एवढंच म्हणणं.

आधी जमेची बाजू. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आम्ही दोन खोल्यांत सहा माणसं राहत होतो. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा पेठेतच काही मिळतं का पाहिलं, आणि एका आठवड्यात नाद सोडला. धायरीत साडेसत्तावीस लाखांत दोन बेडरूमचं घर मिळालं. आईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. आत्या तेवढी म्हणाली, ‘सिंहगड रोडला? पिठलं-भाकरी खायला जातात रे तिकडे, राहायला नाही.’ आता तिचाच नातू नऱ्ह्यात राहतो, ही गोष्ट आम्ही तिला दर दिवाळीला आठवण करून देतो.

पाऊस पडून गेल्यावर सकाळी गच्चीतून सिंहगड टॉवरसकट स्वच्छ दिसतो. धायरी फाट्याला डोणज्या-खानापूरकडच्या बायका पहाटे काढलेली मेथी घेऊन बसतात. त्यातल्या एक मावशी माझ्या हातातली जुडी काढून घेऊन स्वतःच्या पसंतीची देतात, आणि त्यांचंच बरोबर असतं. आमच्या अठ्ठेचाळीस घरांत सोलापूर, लातूर, जळगाव, रत्नागिरी, सगळे आहेत. गणपतीच्या महाप्रसादाला वरण-बट्टी करायची की मसालेभात, यावरून दरवर्षी जी सभा होते तिच्याइतकी उपस्थिती वार्षिक सर्वसाधारण सभेलाही नसते. पेठेत माझ्या जिन्यावरचा शेजारी मला तीस वर्षं ‘कोण पाहिजे?’ असंच विचारत आला. तेव्हा कुणी आमची कीव करू नये. आम्ही इथे मजेत आहोत.

आता खर्चाची बाजू. ती पाण्यापासूनच सुरू होते.

आपल्या पुरवणीत एका गृहप्रकल्पाबद्दल ‘खडकवासला धरण अवघ्या दहा मिनिटांवर’ असं छापलंय. खरं आहे. धरण जवळ आहे, आणि त्याचा मुठा उजवा कालवा तर आमच्या भागातूनच जातो. वडगावचं जलकेंद्रही याच रस्त्याला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी (म्हणजे २९ अब्ज घनफूट) पाणी साठतं. त्यातलं पुणे पितं, आणि कालव्याने दौंड-इंदापूरची शेती भिजते. त्या पाण्याबद्दल तक्रार नाही, शेतकऱ्याला ते मिळायलाच हवं. पण कालव्याच्या शेजारून पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत जातो, तेव्हा हसावं की काय करावं ते कळत नाही.

आमच्या गल्लीत तो पहाटे साडेपाचला येतो. आधी रिव्हर्सचा टीं-टीं आवाज, मग वॉचमन काकांची शिट्टी, मग पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद. टाकीजवळ एक बांबू ठेवलाय, त्यावर मी स्वतः करवतीने खाचा पाडल्या आहेत. टँकर ओतण्याआधी आणि ओतल्यावर बांबू बुडवायचा. ओली खूण तीन खाचा वर सरकली तर दहा हजार लिटर आले. अडीचच सरकली तर ड्रायव्हरकडे बघायचं. ड्रायव्हर आकाशाकडे बघतो. मग वहीत तारीख, वेळ, खाचा आणि सही. खजिनदाराच्या कामात हे पण येईल, असं निवडून देताना कुणी सांगितलं नव्हतं.

या वहीतला गेल्या मे महिन्याचा आकडा देतो. ६२ टँकर, प्रत्येकी ९५० रुपये, म्हणजे ५८,९०० रुपये. अठ्ठेचाळीस घरांत वाटले तर दर घरामागे १,२२७ रुपये, फक्त पाण्याचे आणि तेही एका महिन्याचे. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारी हिशोब. घरटी चार माणसं धरली तर आम्हाला रोज सुमारे २६ हजार लिटर लागतं. बोअर आटलेलं, नळाला पाणी एक दिवसाआड आणि तेही करंगळीएवढ्या धारेने. उरलेलं त्या ६२ टँकरांचं. पावसाळ्यात हा खर्च बराच कमी होतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण बँकेचा हप्ता ठरवताना हा दुसरा हप्ता कुणीच धरत नाही. आम्हीही धरला नव्हता. माहितीपत्रकात ‘मुबलक पाणी’ लिहिलं होतं, आणि ते कुठून येणार हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत गेली, त्यात धायरी होती. जून २०२१ मध्ये आणखी २३ गेली. आमच्या शेजारचं नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, पलीकडे वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे. पुणे महापालिका त्या दिवशी क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकून गेली. पेढे वाटले गेले असतील, आमच्याकडे आले नाहीत. कागदावर गाव शहर व्हायला एक अधिसूचना पुरते, जलवाहिनीला मात्र खणावं लागतं. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. ड्रेनेज तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये मात्र सगळ्यांना आमचा पत्ता सापडला. नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, विहिरीच्या पाण्याची चर्चा झाली आणि वाहिन्यांच्या गाड्या गल्लीबोळांत शिरल्या. आमच्याकडे कित्येक घरांत तेव्हापासून पिण्यासाठी वीस लिटरचा जार येतो. तो खर्च मी वर धरलेला नाही. गाड्या गेल्या, जार राहिले.

रस्त्याबद्दल थोडक्यात. सिंहगड रस्त्याचा उड्डाणपूल टप्प्याटप्प्याने झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये राजाराम पुलाजवळचा भाग सुरू झाला, मग मे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाकीचे. फायदा झाला, हे नाकारणार नाही. पण पूल जिथे उतरतो तिथून पुढचा रस्ता जुनाच आहे. कोंडी मोडली नाही, धायरीच्या दिशेने थोडी सरकली. पुरवणीतलं ‘स्वारगेट १५ मिनिटांवर’ हे रात्री दोन वाजता खरं असतं. सकाळी नऊला मी घड्याळ लावून पाहिलंय, ५० मिनिटं. बस वेळेवर मिळाली तर.

मेट्रोही येणार आहे. खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी मार्गाला नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. आमच्या भागातल्या फ्लॅटचे भाव ती बातमी येताच वाढले. स्टेशन यायला किती वर्षं लागतील ते बघू, भाव मात्र पहिल्या गाडीने पोचले. पुण्यात २०२२ च्या एप्रिलपासून मुद्रांक शुल्कात मेट्रोसाठी एक टक्का जादा घेतात. आज भाच्याने ४० लाखांचं घर घेतलं तर ७ टक्क्यांनी २ लाख ८० हजार शुल्क, वर ३० हजार नोंदणी. त्यातले ४० हजार मेट्रोचे. मेट्रो दिसायच्या आधी तिचं तिकीट काढलेलं असणार. त्याने घर बायकोच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का वाचेल, हे त्याला सांगून झालंय. बायकोला त्याच्याआधी कळलं होतं.

आणि ‘परवडणारं’ म्हणजे किती, याचंही एक सरकारी उत्तर आहे. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर १ टक्का जीएसटी, बाकीच्यांवर ५ टक्के. त्यासाठी किंमत ४५ लाखांच्या आत हवी आणि चटई क्षेत्र महानगरात ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत. गंमत म्हणजे या महानगरांच्या यादीत मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद आहेत, पुणे नाही. म्हणजे ९० मीटरचं घर चालेल, फक्त ते ४५ लाखांत मिळालं पाहिजे. आपल्या पुरवणीत परवडणाऱ्या म्हणून दिलेली निम्मी घरं या रेषेच्या वर आहेत, मी पेन्सिलने खुणा करून पाहिलं. मग ती कुणाला परवडतात? वर्तमानपत्राने हा शब्द बिल्डरच्या जाहिरातीतून जसाच्या तसा उचलू नये.

म्हणून एक सूचना आहे. भागाचं नाव, चौरस फुटाचा दर आणि शाळा-मॉल किती मिनिटांवर, हे तुम्ही चौकटीत देताच. त्याच चौकटीत आणखी तीन ओळी द्या. पिण्याचं पाणी नळाचं की टँकरचं, आणि टँकरचं असेल तर मे महिन्यात दर घराला किती पडतं. सांडपाणी महापालिकेच्या वाहिनीला जोडलंय की नाही. आणि सकाळी आठ ते दहा या वेळात जवळच्या थांब्यावरून किती बस सुटतात. ही माहिती काढायला वार्ताहराला एक सकाळ पुरेल. कुठल्याही सोसायटीच्या खजिनदाराला गाठा, तो वही घेऊन धावत येईल. त्याला आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

जाहिराती जातील, ही भीती मला समजते. दुकानात बसतो, धंदा कळतो. पण आज फ्लॅट घेणारा उद्या तुमचा अंक घरी सुरू करतो, तोही ग्राहकच. शिवाय हे आकडे छापून आले तर बिल्डरही घाईने जलवाहिनीच्या मागे लागतील, असं मला वाटतं. आम्ही अर्ज करून जे होत नाही, ते दर पडायच्या भीतीने कदाचित होईल. चूक असेन तर सांगावं.

भाचा येत्या रविवारी येतोय. नऱ्ह्यात आणि धायरीत मिळून चार सँपल फ्लॅट बघायचे आहेत. एजंट म्हणाला, सकाळी अकराला या, एसी चालू करून ठेवतो. मी भाच्याला सांगितलंय, शनिवारीच मुक्कामाला ये. पहाटे सव्वापाचला निघू, चारही ठिकाणी गेटपाशी उभे राहू आणि टँकर मोजू. अकराला एसीत जाऊच.

आपला,
एक जुना वर्गणीदार
धायरी, पुणे ४१