द्राक्षांच्या मळ्यांना जातोय, असंच सांगा

पणजी,
रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. आत्या शेजारी येऊन बसली तसा आई, तू आवाज खाली आणलास आणि म्हणालीस, "कोणी विचारलं तर त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला गेलीत म्हणून सांगू." ते काही मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

त्र्यंबकेश्वरला आम्ही जाणार आहोतच, फक्त महाशिवरात्रीची गर्दी टाळून. त्याआधी आपल्या सातेरीला नारळ ठेवू, तुझ्या मनासारखी ओटी भरू. पण हनिमूनला नाशिक निवडलं ते द्राक्षांचे मळे आणि वाईन बघायची म्हणून. ते लपवून ठेवण्यासारखं मला काही वाटत नाही.

बाबा, तुम्हाला तर हे समजवावं लागू नये. आजोबा लिलावात भाटीची पावणी घ्यायचे, काजूच्या बोंडूंच्या दिवसांत सगळं घर डोंगरावर असायचं. मला अजून ती कोळंबी, कातळात खोदलेली कुंडी, डोळ्यांसमोर आहे. पायांनी बोंडू तुडवायचे, चोथ्याचा ढीग रचायचा, त्याला वेलीचा वेढा द्यायचा आणि वर दगडाचं वजन. मग तो नीरो थेंब थेंब गळायचा आणि आजी माझ्या पेल्यात पहिली धार धरायची. तुडवताना निघालेला रस आंबवून एकदा उकळला की हुर्राक, हुर्राकची फेणी. त्या पैशांवर तुम्ही म्हापशाला राहून शिकलात. आजोबांनी स्वतः कधी थेंब घेतला नाही, पण आपण काय करतो ते सांगताना त्यांनी कोणापुढे मान खाली घातली नाही. २००९ मध्ये आपल्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरातलं ते कात्रण तुम्हीच जपून ठेवलंत. नाशिकच्या वाईनलाही तसंच मानांकन आहे.

तुमच्या होणाऱ्या जावयाचं कारण वेगळं आहे. हॉटेलात रोज इतक्या बाटल्या त्याच्या हातून उघडतात. चव, रंग, कशाबरोबर काय द्यायचं, सगळं त्याला पाठ आहे. पण ती द्राक्षं वेलीवर कशी दिसतात हे त्याने आजवर पाहिलेलं नाही. बालीचं पॅकेज त्याच्या मित्रांनी जवळजवळ ठरवलं होतं. त्याने मला विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" मी नाशिक म्हटलं आणि त्याचा चेहरा असा खुलला की पुढे चर्चाच झाली नाही. तो माणूस मला का आवडला, हे तुम्हाला यावरून कळेल.

आपला मुहूर्त माघातला, हे फार बरं झालं. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणजे आम्ही पोचू तेव्हा तोडणी चालू असेल. बाबा, तिथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. थंड मुलखात हिवाळ्यात वेल आपोआप झोपते. आपल्याकडच्या उष्ण हवेत ती झोपतच नाही, म्हणून छाटून तिला वळण लावावं लागतं. ऑक्टोबरच्या छाटणीचं फळ पुढे चारेक महिन्यांनी हाती येतं, रात्री गार असतात त्या दिवसांत. वाईनची द्राक्षं बाजारातल्या थॉमसन-सोनाकासारखी नसतात. बारीक मणी, जाड साल, आत बिया. लाल वाईनचा रस सालीसकट आंबवतात, रंग सालीतूनच उतरतो. पांढरीसाठी आधी रस पिळून साल बाजूला काढतात. आणि भाटी कुठेच नाही. आपण आंबलेला रस उकळून त्याची वाफ धरतो, ते आंबल्यावर थांबतात आणि तो मुरू देतात. हे पुस्तकात वाचून कळतं, पण टाकीजवळ उभं राहून तो आंबूस वास नाकात गेला की आपल्या डोंगरावरचा वास ओळखीचा लागेल का, ते मला बघायचं आहे.

जायचं मंगला एक्स्प्रेसने. मडगावहून ती थेट नाशिक रोडला जाते, मधे गाडी बदलायची कटकट नाही. राहायचं गंगापूर धरणाच्या बाजूला, मळ्यातच. सुला ही वाईनरी तिथेच आहे. ती काढणारे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले आणि त्यांची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. यॉर्क ही दुसरी वाईनरीही जवळच. एक दिवस दिंडोरीकडे काढू. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं लोटतात, म्हणून आम्ही सोमवारी पोचून गुरुवारी निघणार. काळाराम, रामकुंड आणि आई, तुझ्यासाठी वणीची सप्तशृंगी, एवढं नक्की. बाकी फिरत सुटायचं नाही.

आता तू फोनवर न विचारलेला प्रश्न. हो, मी चाखणार. तिथे पेल्याच्या तळाशी दोन-तीन घोट ओततात, रंग बघायचा, पेला फिरवून वास घ्यायचा, मग जिभेवर धरायचं. पुष्कळजण थुंकूनही टाकतात. त्या दिवसांत गाडी आम्ही चालवणार नाही, टॅक्सी सांगून ठेवलीय. तुझ्यापासून लपवून पेला हातात धरणं मला नको आहे आई, म्हणून आधीच सांगतेय. सासूबाईंनाही मी स्वतः सांगितलंय. त्या म्हणाल्या, "फोटो पाठव."

खर्चाची काळजी करू नका. आमच्या दोघांच्या साठवणीतून चाललंय. बाबा, तुम्ही पोस्टातली ठेव मोडायचं म्हणत होता ती मोडू नका. त्यातून आईच्या गुडघ्याचं आधी बघा. डॉक्टरांची तारीख पुढे पुढे ढकलली जातेय, ते मला नाशिकपेक्षा महत्त्वाचं आहे. लग्नाआधी होत असेल तर मी रजा टाकून येते.

एक विनंती बाबा. सातेरीपुढे गाऱ्हाणं तुम्हीच घालाल ना? त्यात आम्ही कुठे आणि कशासाठी निघालोय ते नीट सांगा. देवीला सांगितलं की आत्याला सांगणं जड जाणार नाही.

आणि आम्ही परतू तेव्हा आपल्याकडे बोंडू पडायला लागलेले असतील. त्याला डोंगरावर घेऊन जाल का? रविवारी सुट्टी मिळते त्याला, पहाटेच्या बसने येऊ. जमिनीवरचे कुठले उचलायचे आणि कुठले सोडायचे ते त्याला तुमच्याकडून शिकायचंय, असं तो म्हणाला. कुठला रविवार सोयीचा ते कळवा, म्हणजे त्याला ड्यूटी बदलून घेता येईल.

तुमची,
बाय