अवयवदानाच्या संमतीतून माघार

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

३ ऑगस्टच्या अवयवदान दिनानिमित्त आपल्या दैनिकातील आवाहन वाचले. अर्ज कसा भरावा हे त्यात होते. भरलेला अर्ज मागे घेता येतो, हे नव्हते. मी तो मागे घेतला आहे, म्हणून हे पत्र.

नौपाड्यातील आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या शिबिरात, आरतीची घाई चाललेली असताना, प्रसादाचा द्रोण एका हातात सांभाळत मी 'नमुना ७' वर, म्हणजे अवयवदानाच्या संमतीच्या अर्जावर, सही केली. मुलगी आणि शेजारीण साक्षीदार झाल्या. मृत्यू म्हणजे श्वास थांबून अंग गार पडते तो, एवढेच तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होते आणि टेबलामागील कोणी त्यापलीकडे काही सांगितले नाही.

पुढे दोन वर्षांनी धाकट्या जावेला मेंदूत रक्तस्राव झाला. ती व्हेंटिलेटरवर होती, छाती वरखाली होत होती, हात ऊबदार होता. पायातली जोडवी निघेनात म्हणून नर्सने त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली होती. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासल्याखेरीज ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा निकामी झाल्याने मृत, असे जाहीर करता येत नाही, असे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखालील नियम सांगतात. आम्हाला हे कोणी समजावण्याआधीच अवयवांविषयी विचारणा झाली. दिरांनी तरीही होकार दिला. दोन्ही मूत्रपिंडे आणि यकृत दिले गेले. त्याची खंत घरात कोणालाच नाही, मलाही नाही. त्या तपासण्यांनंतर माणूस परत येत नाही आणि हृदय यंत्राच्या आधाराने थोडाच काळ चालते, हेही मला मान्य आहे. परंतु तो ऊबदार हात सोडून दिरांना बाहेर येताना मी पाहिले आहे, आणि माझ्या मुलीवर ती वेळ आणण्याची माझ्या मनाची तयारी नाही.

दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते, हे त्या नमुन्यातच छापलेले आहे. शिबिरात ते कोण वाचतो! घरच्यांनाही मी स्पष्ट सांगितले, कारण अवयवदात्याचे कार्ड असो वा नसो, प्रत्यक्ष वेळी रुग्णालय जवळच्या नातेवाइकांनाच विचारते आणि त्यांच्या नकारापुढे कार्डाचे काही चालत नाही. नेत्रदानाची इच्छा मात्र कायम आहे. ते हृदय थांबल्यावर, साधारण सहा तासांच्या आत, घरीसुद्धा होऊ शकते.

मुलीला माझे म्हणणे पटत नाही. तिचे कार्ड तिच्या पर्समध्येच आहे. आमच्या इमारतीतील एक गृहस्थ आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. ते लिफ्टमध्ये भेटले की मी मजल्यांचे आकडे पाहत राहते, हे कबूल करायला हवे. तरीही न समजता केलेली सही त्यांच्या उपयोगाची नव्हती, असे मला वाटते, कारण ऐन वेळी घरातली माणसे भांबावून नाहीच म्हणाली असती.

आयोजकांना माझी विनंती आहे, की ब्रेन डेड म्हणजे काय हे सहीआधी सांगावे आणि माघारीची सोयही त्याच टेबलावर समजावून द्यावी. यंदा आमच्या मंडळाने शिबिर ठेवल्यास, चालणार असेल तर त्या टेबलाशी तासभर बसून मी पाहिले ते सांगायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे (प.)