जर्बिलला शेपटीने उचलू नका

मा. संपादक,
स. न.

शाळांना सुट्टी लागली की पाळीव प्राण्यांच्या दुकानांत लहान मुलांची गर्दी वाढते. हॅम्स्टर आणि गिनीपिगबरोबर काही ठिकाणी आता जर्बिल हे उंदरासारखे छोटे प्राणीही मिळतात. दुकानात पिंजरा कोणता, खाणे कोणते, हे सांगतात. पण हा जीव हातात धरायचा कसा आणि या खोलीतून त्या खोलीत न्यायचा कसा, हे बहुधा कुणी सांगत नाही, आणि जर्बिलला होणाऱ्या बऱ्याचशा इजा नेमक्या तिथेच होतात.

सगळ्यात आधी शेपटीबद्दल. उंदराला शेपटीने उचलतात हे पाहिलेले असल्याने मुले जर्बिलचीही शेपूटच पकडतात. जर्बिलच्या शेपटीची कातडी पातळ असते आणि ओढ बसली की मोज्यासारखी निघून येते. शत्रूच्या तोंडात नुसती कातडी सोडून पळता यावे, यासाठीची ही सोय आहे. मात्र गेलेली कातडी पुन्हा येत नाही. उघडे पडलेले मणके वाळून गळतात किंवा पशुवैद्यकाला तेवढा भाग काढावा लागतो. शेपटीच्या टोकाला किंवा मध्यावर तर कधीच हात लावू नये. तिच्या बुंध्याशी धरता येते असेही सांगितले जाते, पण घरी, विशेषतः मुलांनी, तेही करू नये. मुळात त्याची गरजच पडत नाही.

उचलायचे ते ओंजळीने. दोन्ही तळवे बाजूंनी आणून पोटाखाली सरकवावेत, छाती आणि मागचे पाय दोन्हींना आधार मिळाला पाहिजे. मग एका तळव्याचे छत करावे. मूठ आवळू नये. मोठ्या जर्बिलचे वजन जेमतेम ६० ते १०० ग्रॅम असते, छातीवर दाब आला की त्याला श्वास घेता येत नाही, आणि घाबरलेले मूल नेमकी मूठच आवळते. हात वरून झडप घातल्यासारखा कधी नेऊ नये. मंगोलिया आणि उत्तर चीनच्या उघड्या माळावरचा हा प्राणी, वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्षी. तो मागचे पाय जमिनीवर आपटू लागला तर तो इशारा समजावा आणि हात काढून घ्यावा. झोपलेल्यालाही उचलू नये.

घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस हात लावू नये. नंतर तळहातावर सूर्यफुलाच्या दोन-चार बिया ठेवून हात पिंजऱ्याच्या तळाशी स्थिर ठेवावा आणि तो स्वतः चढेपर्यंत थांबावे. त्याआधी हात साबणाने धुवावेत, बोटांना खाण्याचा वास असला तर तो चावून पाहतो. नंतरही धुवावेत, कारण अशा प्राण्यांकडून साल्मोनेला या जुलाब-ताप आणणाऱ्या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो.

उभ्याने जर्बिल हातात धरू नये, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तो सहज फूटभर उडी मारतो आणि उंचीचा अंदाज त्याला नीट येत नाही. ओट्यावरून किंवा खांद्यावरून फरशीवर पडला तर पाय मोडतो, पुढचे दात तुटतात. मुलांनी जमिनीवर मांडी घालून बसावे, मांडीवर जाडसर टॉवेल पसरावा आणि मोठ्या माणसाने जर्बिल तिथे आणून द्यावा. तो चावला तरी हात झटकू नये, हात जमिनीला टेकवावा. तो आपणच उतरतो. पहिल्यांदा पाच-दहा मिनिटे पुरेत.

मग खोली बदलायची तर? पुठ्ठ्याची नळी किंवा लहान डबा पिंजऱ्यात ठेवावा, तो आत शिरला की दोन्ही तोंडे तळव्यांनी झाकून उचलावे. हात लावून घ्यायला नाखूश असलेल्या जर्बिलसाठीही ही रीत उत्तम. पिंजरा धुताना किंवा दवाखान्यात नेताना मात्र झाकणाला भोके पाडलेला प्लास्टिकचा कडक डबा हवा. पुठ्ठ्याचे खोके तो बघता बघता कुरतडून बाहेर येतो. डब्यात पिंजऱ्यातलाच मूठभर वापरलेला भुसा घालावा, ओळखीच्या वासाने तो शांत राहतो. जोडीतल्या दोघांना शक्यतो एकत्रच न्यावे. बराच काळ वेगळे राहिलेले जर्बिल पुन्हा भेटल्यावर एकमेकांना ओळखत नाहीत आणि रक्त निघेपर्यंत भांडतात. डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये.

बाहेर सोडण्याआधी दारे बंद करावीत, कपाट-फ्रिजमागच्या फटी बुजवाव्यात, विजेच्या वायरी उचलून ठेवाव्यात. तरीही निसटला तर पाठलाग करू नये. भिंतीलगत नळी ठेवून आत बिया टाकाव्यात, जर्बिल भिंतीच्या कडेनेच पळतो.

काही जर्बिलना हाताळताना किंवा नव्या जागी आकडी येते. शरीर ताठरते, थरथरते. हा गुण बऱ्याचदा वंशातूनच आलेला असतो. कांदा हुंगवणे, पाणी शिंपडणे असले काही करू नये. अलगद पिंजऱ्यात ठेवून उजेड आणि आवाज कमी करावा. बहुतेकदा एक-दोन मिनिटांत तो सावरतो. वारंवार होऊ लागले तर पशुवैद्यकाला दाखवावे. शेपटीची कातडी निघाली तर स्वच्छ कापडाने हलके दाबून रक्त थांबवावे, पिंजऱ्यातली वाळू आणि भुसा काढून तिथे टिश्यू पेपर घालावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद किंवा घरातले जंतुनाशक लावू नये, तो ते चाटतो.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत आणि दुकानाची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. दुकानदारांनी विक्रीच्या पावतीबरोबर मराठीत एका पानाची सूचना द्यावी आणि ओंजळीने कसे उचलायचे हे ग्राहकाला एकदा करून दाखवावे. मंडळानेही नोंदणीच्या वेळी याचा आग्रह धरावा, अशी विनंती आहे.

आपली,
लहान पाळीव प्राण्यांवर उपचार करणारी एक पशुवैद्यक, पुणे