अराकूच्या कॉफीच्या रानातून

परभणी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनची रास झाली, तूर अजून उभीच होती. तेवढ्या सवडीत आंध्र प्रदेशातल्या अराकूच्या डोंगरात जाऊन आलो. नांदेडहून विशाखापट्टणमला थेट गाडी आहे. तिथून अराकू साधारण ११५ किलोमीटर. बसही जाते, पण तू रेल्वेनंच जा. छत्तीसगडमधल्या बैलाडिला खाणींचं लोखंडी खनिज बंदरावर न्यायला १९६०च्या दशकात टाकलेली ती लाईन, तिच्यावर ५८ बोगदे! अंधार, उजेड, दरी, पुन्हा अंधार. डब्यातली पोरं प्रत्येक बोगद्यात ओरडत होती, मीही ओरडलो.

आता कॉफीचं सांगतो. मला वाटलं होतं, चहाच्या मळ्यासारखा उघडा डोंगर असेल. तसं काही नाही रे, ते जंगलच वाटतं. वर उंच सिल्व्हर ओक, त्याच्या खोडावर मिरीचा वेल आणि खाली सावलीत अरेबिका जातीच्या कॉफीची झुडपं. कॉफीला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. मग मिरीही त्याच रानातून निघते. मालक कोण? मोठा बागायतदार नाही, तर छोटे आदिवासी शेतकरी. त्यांच्या कॉफीला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पॅरिसमध्ये अराकूच्या नावाचं दुकानसुद्धा आहे. आपण मात्र बांधापासून बांधापर्यंत नुसतं सोयाबीन पेरतो आणि भाव पडला की कपाळाला हात लावतो. आपल्या काळ्या रानात कॉफी येणार नाही, हे मलाही कळतं. पण एकाच रानात तीन मजली पीक बघून माझी झोप उडाली.

तोडणी चालूच होती. पिकलेली लाल फळं तेवढी हातानं खुडतात. आत दोन बिया. साल काढून, चिकट गर आंबवून, धुऊन त्या वाळवतात. हिरवट बियांना कॉफीचा वास मुळीच नसतो. तो भाजल्यावर येतो.

आणि हे ऐक, तिकडं कारळ्याची पिवळीधमक शेतं फुललेली! शहरातली माणसं पैसे देऊन त्यात फोटो काढतात. तुझ्या आईला हे सांग, मोठ्यांदा हसतील. बांबूच्या नळीत निखाऱ्यावर शिजवलेली कोंबडीही खाल्ली. बरी लागली, पण तिखटाला आपल्याकडची सर नाही.

बोर्रा गुहाही वाटेतच आहेत. त्या आत उतरूनच बघाव्यात, माझ्याच्यानं लिहिणं होणार नाही.

पुढच्या वर्षी तुला आणि वहिनींना घेऊन जायचं आहे. तुरीचं काय झालं, शेंगा भरल्या का, ते कळव.

तुझा,
बाळू