पंप दुरुस्त झाला, पण कागद कुठे आहे?

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ जूनपासून मासेमारी बंद झाली. हर्णै बंदरातल्या बऱ्याच बोटी आंजर्ल्याच्या खाडीत जाऊन उभ्या राहिल्या आणि दरवर्षीप्रमाणे इंजिनांवरून उतरवलेले डिझेल पंप (इंजिनाला डिझेल मोजून दाबाने पुरवणारे) आणि इंजेक्टर (ते सिलिंडरमध्ये फवारणारे) गोणपाटात गुंडाळून, कोणाच्या पिकअपमधून तर कोणाच्या एस.टी. पार्सलमधून, दुरुस्तीच्या दुकानांकडे निघाले. ३१ जुलैपर्यंतच्या या दोन महिन्यांत जे काम होईल त्याच्या भरवशावर आम्ही पुढचे दहा महिने समुद्रात जातो. म्हणूनच या दुकानांत गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल आपल्या पत्रातून चार शब्द लिहावेत असे वाटले. मी सहा सिलिंडरच्या एका बोटीचा मालक असून मासळी बाजारात पोहोचवण्यासाठी घरची एक पिकअपही आहे. त्यामुळे जुन्या पद्धतीचा यांत्रिक पंप आणि नव्या पद्धतीचा कॉमन रेल इंजेक्टर (एकाच सामाईक नळीतून सगळ्यांना जास्त दाबाचे डिझेल मिळते तो) या दोन्हींच्या दुकानांचे उंबरठे मी झिजवले आहेत.

गेल्या वर्षीची हकीकत आधी सांगतो. बंदी लागल्यावर चौथ्या दिवशी मी पंप आणि सहाही इंजेक्टर महामार्गालगतच्या एका दुकानात दिले. दुकानाचे नाव येथे लिहीत नाही, कारण मला त्यांची बदनामी करायची नाही. ‘आठ दिवसांत घेऊन जा’ असे सांगितले गेले. आठाचे पंधरा झाले, पंधराचे बत्तीस झाले. प्रत्येक फोनला ‘एलिमेंट (पंपातले डिझेल दाबणारे भाग) यायचे आहेत’ किंवा ‘बेंचवाला मुलगा गावी गेला आहे’ (बेंच म्हणजे पंप तपासायचे यंत्र) हे ठरलेले उत्तर मिळत होते. शेवटी पंप हाती आला तेव्हा सोबत वहीतून फाडलेला एक चिटोरा होता आणि त्यावर ‘पंप व नोझल काम’ एवढे चार शब्द व एक रक्कम होती (नोझल म्हणजे इंजेक्टरचे डिझेल फवारणारे टोक). कोणते सुटे भाग बदलले, कोणत्या कंपनीचे घातले, जुने कुठे गेले, यातले काहीही त्यावर नव्हते. जुने नोझल मागितले तेव्हा ‘भंगारात गेले’ असे सांगण्यात आले. घाईत मीही पुढे विचारले नाही, हा माझा दोष.

ऑगस्टमधल्या तिसऱ्या फेरीत इंजिन काळा धूर ओकू लागले आणि एका सिलिंडरमधून ठोक्याचा आवाज येऊ लागला. बोट चालवणाऱ्या तांडेलाने वेग उतरवला, तरी शेवटी इंजिन बंद करावेच लागले. शेजारच्या बोटीने दोर टाकून आम्हाला बंदरात आणले, तोवर बर्फ वितळून मासळीची किंमत निम्म्यावर आली होती. इंजिन उघडले तेव्हा एका पिस्टनचा माथा जळालेला निघाला. दुसऱ्या एका कारागिराकडे सहाही इंजेक्टर तपासून घेतले, तर दोन नोझल टपकत होते आणि सहांपैकी कोणत्याही दोहोंचा उघडण्याचा दाब एकसारखा नव्हता. शिवाय त्याच्या मते ते नोझल नवे नव्हतेच, घासूनपुसून पुन्हा बसवलेले जुने होते.

मी पहिल्या दुकानात परत गेलो. त्यांचे म्हणणे असे की नोझल नवेच होते, तुमच्या टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी असणार आणि त्यानेच ते बिघडले. आता प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्या टाकीच्या तळाशी पाणी निघाले होते. दोन महिने अर्धी रिकामी उभी राहिलेली टाकी, पावसाळी दमट हवा आणि खारा वारा असताना पाणी न सापडते तरच नवल. म्हणजे त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही आणि ते खरे होते असेही नाही. दुरुस्तीनंतर बेंचवर मोजलेले आकडे कागदावर असते, बदललेल्या नोझलवरचे क्रमांक बिलावर असते आणि जुने नोझल माझ्या हातात असते, तर हा वाद दहा मिनिटांत मिटला असता. कदाचित माझ्या विरोधातही मिटला असता. कागद नसल्यामुळे तो मिटलाच नाही. आजही त्या दुकानावरून जाताना आम्ही दोघे एकमेकांकडे न पाहता पुढे सरकतो.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही अशा वाचकांना हा आग्रह कदाचित अती वाटेल, म्हणून थोडे खुलाशाने लिहितो. नोझलच्या आतली सुई आणि तिचे घर यांच्यामधली फट दोन ते चार मायक्रॉन असते, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण २ बार असतो, तर जुन्या पद्धतीचा इंजेक्टर साधारण २०० बारच्या आसपास उघडतो. कॉमन रेलमध्ये हाच दाब १६०० बार आणि त्याच्याही वर जातो. ठरलेल्या दाबाला सुई झटकन उघडून मिटली आणि डिझेलचा धुक्यासारखा फवारा झाला, तर इंजिन गुण्यागोविंदाने चालते. सुई नीट मिटली नाही तर थेंब टपकतात, ते धुके न होता पिस्टनच्या माथ्यावर पडून तिथेच जळतात, लायनरवरचे (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे) तेल धुऊन काढतात आणि पुढे जे होते ते मी वर लिहिलेच आहे. यातले काहीच गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत नाही. गवंड्याची भिंत वाकडी असेल तर ओळंबा लावून कोणीही सांगेल, शिंप्याने बाही तोकडी शिवली तर अंगात घालताच कळते. पंपवाल्याने केलेले काम मात्र त्याच्या बेंचशिवाय कोणालाच दिसत नाही, आणि तो बेंच त्याच्याच दुकानात, बहुधा पडद्यामागे असतो.

याच्या अगदी उलट अनुभवही मला आला आहे आणि तो लिहिला नाही तर या धंद्यावर अन्याय होईल. ज्या कारागिराने माझे टपकणारे नोझल शोधून काढले, त्याचे दुकान एका बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे आणि बाहेर धड पाटीही नाही. पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ नोझलला आजही ‘मायको’च म्हणतो. कंपनीचे नाव बदलून २००८ मध्ये बॉश झाले, ते त्याच्या जिभेवर अजून आलेले नाही. त्याने मला आत बोलावले, इंजेक्टर हातपंपाच्या टेस्टरवर चढवला आणि दांडा माझ्याच हाती दिला. ‘तुम्हीच मारा, मीटरकडे बघा आणि कान द्या,’ असे म्हणाला. चांगले नोझल उघडमिट करताना एक खरखरीत करकर आवाज काढते आणि त्याला तो ‘नोझल बोलते’ असे म्हणतो. माझ्या सहांपैकी तीन बोलत होते, एक कुरकुरत होते आणि दोन मुके होते. बोलणारे तीन बदलायला त्याने साफ नकार दिला, फक्त स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घालून त्यांचा दाब जुळवला. पंप बेंचवर फिरवून सहाही नळ्यांत पडणारे डिझेल काचेच्या मापांत मला दाखवले. ते एका रेषेत आल्यावर आकडे त्याने बिलाच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. बेंचचे पैसे त्याने वेगळे लावले आणि ते मी आनंदाने दिले. बदललेले नोझल एका पिशवीत घालून माझ्या हाती ठेवले. यात न परवडण्यासारखे काय होते? कागदाची एक पाठकोरी बाजू आणि पंधरा मिनिटे.

पिकअपच्या बाबतीतला अनुभव थोडक्यात सांगतो. गाडी मिस मारू लागली, तेव्हा एका दुकानात स्कॅनर लावून, इंजिनाला हातही न लावता, ‘चारही इंजेक्टर बदला’ असा निकाल दिला गेला. कॉमन रेलचा एक इंजेक्टर म्हणजे आमच्याकडे एका खलाशाच्या महिन्याच्या पगाराच्या घरात जाणारा खर्च. माझ्या धाकट्या भावाने हट्ट धरला म्हणून रिटर्नच्या नळ्या (इंजेक्टरमधून उरलेले डिझेल परत नेणाऱ्या) चार बाटल्यांत सोडून पाहिल्या, तर तीन बाटल्या जवळपास सारख्या भरल्या आणि चौथी दुपटीहून अधिक. दोष एकाच इंजेक्टरचा होता. ही तपासणी कोणतेही महागडे यंत्र न लावता अर्ध्या तासात होते, ती आधी का केली नाही याचे उत्तर मिळाले नाही. पुढे तो एक बदलला, पण नव्या इंजेक्टरवरचा क्रमांक गाडीच्या संगणकात भरायचा असतो, ते या दुकानाला जमत नव्हते आणि जमत नाही हे त्यांनी आधी सांगितलेही नाही. दोन हेलपाट्यांनंतर ते काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये वेगळे पैसे देऊन करून घ्यावे लागले. जे येत नाही ते ‘येत नाही’ असे सांगणे ही सेवाच आहे, आणि तसे सांगणाऱ्या दुकानात मी पुन्हा गेलो असतो.

दुकानदारांची बाजूही मला दिसते. बेंच लाखांत येतो, पावसात वीज तासन्‌तास जाते आणि या कामाला धूळ चालत नसताना दुकान मात्र रस्त्यालगत असते. शिकवून तयार केलेला मुलगा मुंबई-पुण्याची वाट धरतो. अवघड काम आले की माल घाटावर, बहुधा कोल्हापूरला पाठवावा लागतो आणि तिकडची दिरंगाई यांच्या माथी येते. आम्ही बोटवालेही काही कमी नाही. जूनभर पंप घरी ठेवायचा आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ‘उद्या बोट सोडायची आहे’ म्हणून दुकानात ठाण मांडायचे, उधारी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या चांगल्या फेरीवर ढकलायची, फिल्टरखालचे पाणी काढायचा कंटाळा करायचा आणि गंजक्या कॅनमधले डिझेल फडक्यातून गाळून टाकीत ओतायचे, हे सगळे मी पाहिले आहे आणि यातले काही केलेही आहे.

पण या सगळ्या अडचणींचा आणि बिल न देण्याचा काही संबंध लागत नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात, वस्तूचे किंवा सेवेचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. गेल्या वर्षी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावे का, असा विचार मी केला होता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. ओळखीच्या वकिलांनी दोनच प्रश्न विचारले. बोट हा व्यापार की पोटापाण्याचे साधन, यावर समोरचा वाद घालील, त्याचे उत्तर देता येईल, पण तुमच्याकडे कागद कोणता आहे? मी तो चिटोरा पुढे केला. त्यांनी तो उलटून पाहिला आणि चहा मागवला.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. दुरुस्तीला माल घेताना काय आले याची पोच द्यावी. तपासणीनंतर, काही बदलण्याआधी, अंदाजे खर्च फोनवर न सांगता लिहून कळवावा. माल परत देताना प्रत्येक इंजेक्टरचा उघडण्याचा दाब आणि पंपाचे माप, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, बिलावर लिहावे आणि काढलेले भाग मालकाच्या हवाली करावेत. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाने हे मागितले की ‘विश्वास नसेल तर दुसरीकडे जा’ असे ऐकावे लागते, आणि दुसरीकडे म्हणजे कुठे हे दोघांनाही माहीत असते. तेव्हा बंदरोबंदरीच्या मच्छीमार सोसायट्यांनी मे महिन्यातच दुकानांशी बोलून असा एक साधा छापील नमुना ठरवून घ्यावा. डिझेल परताव्याच्या कागदपत्रांसाठी आपण सोसायटीत जेवढ्या चकरा मारतो त्याच्या चतुर्थांशही श्रम याला लागणार नाहीत. सरकारी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकवला जातो. किनाऱ्यालगतच्या एखाद्या तरी आयटीआयमध्ये चांगला टेस्ट बेंच बसवून तिथे माफक शुल्कात त्रयस्थ तपासणीची सोय झाली, तर मुलांना हाताला काम मिळेल आणि माझ्यासारख्यांचे वाद तिथल्या तिथे सुटतील. मत्स्यव्यवसाय विभागाने आणि लोकप्रतिनिधींनी यात लक्ष घालावे, अशी विनंती आहे.

या वर्षी माझा पंप अजून इंजिनावरच आहे. येत्या सोमवारी तो उतरवून मागच्या गल्लीतल्या त्या कारागिराकडे नेणार आहे. त्याच्याकडे आधीच अकरा बोटींचे पंप रांगेत आहेत आणि माझा नंबर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लागेल, असे त्याने आत्ताच सांगून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
एक बोटमालक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी

(पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये. आमच्या भागात पंपाची दुकाने मोजकीच आहेत आणि रात्री-अपरात्री अडलो तर त्यांतल्या कोणाच्याही दारात मला उभे राहावे लागते.)